तोट्याचाही कागद जपा



मागे एका गावी सभा आटोपल्यावर एक गृहस्थ थांबले. म्हणाले, "साहेब, चार वर्षांमागं घेतलेला प्लॉट विकला, ५ लाख नफा झाला. पण दोन वर्षांमागं शेअर विकले, त्यात २ लाख बुडाले होते. ते वजा होतील का?"

मी विचारले, "त्या वर्षी आयकराचं विवरणपत्र भरलं होतं?"

"तोटाच झाला, तर भरायचं कशाला?"

इथेच चूक झाली. भांडवली तोटा पुढील ८ वर्षे भांडवली नफ्यातून वजा करता येतो. मात्र तोट्याच्या वर्षाचे विवरणपत्र मुदतीत भरलेले हवे. भरले असते तर कर ३ लाखांवरच पडला असता. साडेबारा टक्के दराने २५,००० रुपये वाचले असते.

दीर्घ मुदतीचा तोटा दीर्घ मुदतीच्या नफ्यातूनच वजा होतो. अल्प मुदतीचा दोन्हींतून. दुकानाच्या किंवा पगाराच्या उत्पन्नातून मात्र नाही. कपाशी बुडाली, तो तोटाही यात धरत नाहीत.

खेड्यातील शेतजमिनीच्या विक्रीवर हा कर नाही. परंतु परभणी शहराच्या हद्दीपासून सरळ रेषेत ६ किलोमीटरच्या आतली, आणि जिंतूर, गंगाखेडसारख्या गावांच्या हद्दीपासून २ किलोमीटरच्या आतली जमीन त्यात बसत नाही.

बियाण्याची पावती आपण हंगामभर जपतो. तोट्याचा कागदही तसाच जपा, आणि खरेदीखतावर सही करण्यापूर्वी तो करसल्लागाराला दाखवा.