दोन एकर आणि दोनशे तास

गेल्या महिन्यात अंबड तालुक्यातले एक शेतकरी आमच्या कार्यालयात आले. हातात प्लॅस्टिकची पिशवी, पिशवीत सातबारा, आठ-अ आणि मुलाची दहावीची गुणपत्रिका. पाण्याचा ग्लास खाली ठेवून त्यांनी सरळ विचारले, "साहेब, पोरगं पायलट व्हायचं म्हणतंय. दोन एकर इकले तर भागंल का?" आणि उत्तराची वाट न बघता लगेच दुसरा प्रश्न केला, "कंपन्या पायलट परदेशातून आणत्यात म्हणं. मग आपल्या पोराला कोण घेणार?"

आज १५ ऑक्टोबर. हे दोन्ही प्रश्न एकत्र मांडायला याहून योग्य दिवस नाही.

१९३२ साली याच दिवशी जे. आर. डी. टाटा यांनी कराचीहून टपाल घेऊन पस मॉथ हे चिमुकले विमान उडवले आणि अहमदाबादमार्गे मुंबईत जुहूला उतरवले. भारतीय प्रवासी विमानसेवेची मुळे त्या उड्डाणात आहेत, हे आपण शाळेत शिकलो. पुढचा अर्धा भाग मात्र फारसा सांगितला जात नाही. तेच टपाल मुंबईहून बेल्लारीमार्गे मद्रासला नेले ते नेव्हिल विन्सेंट यांनी. ब्रिटिश हवाई दलातून बाहेर पडलेला हा वैमानिक १९२९ मध्ये हवाई टपालाची योजना घेऊन टाटांकडे आला होता. त्याच वर्षी १० फेब्रुवारीला जेआरडींच्या हातात वैमानिकाचा परवाना आला होता. इथे दिलेला पहिलाच, क्रमांक एकचा. म्हणजे आपल्या पहिल्या विमानसेवेच्या पहिल्याच दिवशी एक वैमानिक इथला होता आणि एक बाहेरचा. जुहूला झावळ्यांनी शाकारलेली एक झोपडी हेच काय ते कार्यालय. पावसाळ्यात मैदानात पाणी भरले की बाडबिस्तरा पुण्याला हलवावा लागे. अशा अवस्थेत विन्सेंट यांनी नुसते विमान चालवले नाही, धंदा उभा केला, आणि त्यातून इथली माणसे तयार झाली.

बाहेरून माणूस आणणे यात मुळात काहीच गैर नाही, हे आम्ही आधीच स्पष्ट करतो. आभाळ पासपोर्ट विचारत नाही. धुक्यात धावपट्टी शोधणारा कॅप्टन ब्राझीलचा आहे की बीडचा, याने मागे बसलेल्या प्रवाशाला काही फरक पडत नाही. हात कसलेले असले म्हणजे झाले. आपलेही शेकडो कॅप्टन दुबई, दोहा इथल्या कंपन्यांची विमाने चालवतात आणि त्यांचे आपल्याला कौतुकच वाटते. प्रश्न वेगळा आहे. बाहेरचा माणूस आपण शिकून घ्यायला आणतो की शिकवायचा कंटाळा म्हणून आणतो?

२००३ नंतर स्वस्त विमानप्रवासाची लाट आली. एअर डेक्कन, स्पाइसजेट, किंगफिशर, इंडिगो अशा कंपन्या एकामागून एक निघाल्या. विमाने पैसे मोजले की येतात. कॅप्टन येत नाही. त्याला मोसंबीच्या बागेसारखी वर्षे द्यावी लागतात. बदनापूर-अंबड भागात कोणालाही विचारा, कलम लावल्यावर चार-पाच वर्षे नुसते पाणी घालायचे असते, पहिला धड बहार त्यानंतर. वैमानिकाचेही तसेच. बारावीला फिजिक्स आणि गणित, मग लेखी परीक्षा, मग २०० तास उड्डाण, तेव्हा सीपीएल, म्हणजे व्यावसायिक परवाना. मग ज्या जातीचे विमान चालवायचे त्याचे टाइप रेटिंग. मग उजव्या खुर्चीत को-पायलट म्हणून वर्षानुवर्षे. १,५०० तास भरल्याशिवाय कॅप्टनला लागणारा परवाना मिळत नाही, आणि प्रत्यक्ष कमांड द्यायला कंपन्या त्याहून पुष्कळ जास्त अनुभव मागतात. त्यामुळे आपल्या देशात एक विचित्र अवस्था तयार झाली. सीपीएल खिशात घेऊन नोकरीची वाट बघणारी मुले हजारोंनी, आणि डावी खुर्ची भरायला कॅप्टन मात्र नाहीत. ती खुर्ची भरायला परदेशी वैमानिकांना तात्पुरती परवानगी देण्यात आली. ही व्यवस्था २०१० पर्यंत गुंडाळायची असे ठरले होते. मुदत वाढली, पुन्हा वाढली, आणखी एकदा वाढली. तात्पुरत्या गोष्टीचे वय असे वाढत गेले की समजावे, मुळाशी काम झालेले नाही.

या काळात कॉकपिटमध्ये जी अढी बसली तिच्याबद्दलही बोलले पाहिजे. परदेशी कॅप्टनला पगार डॉलरच्या हिशेबाने, काही आठवडे काम केल्यावर घरी जायला ठरलेली सुटी. शेजारी बसलेल्या इथल्या को-पायलटच्या डोक्यावर बँकेचा हप्ता. एकाच विमानात, एकाच वाऱ्यात. परदेशी माणसाचा यात दोष नाही, त्याने करार केला आणि काम चोख केले. पण कंपनी बुडते तेव्हा तो दुसऱ्या देशात दुसरी नोकरी धरतो. २०१२ मध्ये किंगफिशर थांबली, २०१९ मध्ये जेट एअरवेज, २०२३ मध्ये गो फर्स्ट. प्रत्येक वेळी कर्जासकट मागे राहिला तो इथला मुलगा.

२०२५ च्या डिसेंबरात तर सगळ्या देशाने बघितले. वैमानिकांना पुरेशी झोप मिळावी म्हणून नियम बदलले होते. आठवड्याची सलग विश्रांती ३६ तासांवरून ४८ तासांवर गेली, रात्रीची लँडिंग आठवड्याला सहावरून दोनवर आली. दुसरा टप्पा १ नोव्हेंबरला लागू झाला आणि महिन्याभरात इंडिगोची हजारो उड्डाणे रद्द झाली. नियम योग्यच होता. पेंगुळलेल्या माणसाच्या हाती दीडशे-दोनशे जीव देणे कोणालाही मान्य होणार नाही. तो लागू होणार हेही बऱ्याच आधीपासून माहीत होते. माणसांची बेगमी मात्र केलेली नव्हती. येत्या पंधरा-वीस वर्षांत देशाला ३०,००० वैमानिक लागतील, असे केंद्रीय मंत्री राम मोहन नायडू यांनीच सांगितले आहे. एअर इंडियाने २०२३ मध्ये ४७० विमानांची मागणी नोंदवली, इंडिगोने त्याच वर्षी ५०० विमानांची. ती विमाने दारात येतील तेव्हा परत एकदा परदेशातून माणसे शोधत फिरायचे आहे काय?

बाहेरच्यांकडून शिकून आपली माणसे कशी घडवावीत याचा धडा आफ्रिकेत आहे. इथिओपियाने १९४५ मध्ये अमेरिकेच्या टीडब्ल्यूए कंपनीशी करार करून आपली विमानसेवा काढली. १९४६ च्या एप्रिलमध्ये पहिले विमान कैरोला गेले तेव्हा वैमानिक अमेरिकी, तंत्रज्ञ अमेरिकी, व्यवस्थापकही अमेरिकी. पण आपली माणसे तयार करायची हे त्या देशाने पहिल्यापासून मनाशी धरले होते. १९५७ मध्ये अलेमायेहू अबेबे हे पहिले इथिओपियन कॅप्टन झाले. १९७१ मध्ये कंपनीचा कारभार पहिल्यांदा इथिओपियन अधिकाऱ्याकडे आला. घाई नव्हती, पण थांबणेही नव्हते. आज अदिस अबाबातल्या त्यांच्या अकादमीत अनेक देशांची मुले विमान शिकायला येतात. आपली मुले मात्र पैसे असले की अमेरिका, न्यूझीलंड, दक्षिण आफ्रिका गाठतात, कारण इथे विमाने कमी आणि २०० तास भरायला काळ फार लागतो. शिकायला डॉलर बाहेर जातात, आणि कॅप्टन आणायला परत डॉलरच बाहेर जातात.

आणि आफ्रिकेपर्यंत तरी कशाला जायचे? आपल्या जालन्याने हे करून दाखवलेले आहे. बद्रीनारायण बारवाले यांनी दिल्लीच्या पुसा संस्थेतून आलेल्या 'पुसा सावनी' भेंडीच्या बियाण्यापासून सुरुवात केली आणि १९६४ मध्ये इथे महिको ही बियाणे कंपनी काढली. त्या काळातल्या संकरित ज्वारी-बाजरीमागे अमेरिकेच्या रॉकफेलर फाउंडेशनच्या शास्त्रज्ञांचे मोठे काम होते. ज्ञान बाहेरचे होते, ते नाकारले नाही. पण बियाणे पिकले ते इथल्या शेतात, इथल्या बायामाणसांच्या हातांनी. ज्यांनी कपाशीचा सीड प्लॉट बघितला असेल त्यांना ठाऊक आहे, संध्याकाळी मादी कळीचे पुंकेसर नखाने खुडायचे, खूण म्हणून दोरा बांधायचा आणि सकाळी नराचे फूल तिच्यावर फिरवायचे. एकेक कळी, एकेक बोंड. हे कसब कोणा परदेशी माणसाने येऊन कायमचे केले असते तर जालना बियाण्यांचे गाव झाले नसते. बारवाले यांना १९९८ मध्ये जागतिक अन्न पुरस्कार मिळाला तेव्हा तो या हातांनाही मिळाला, असे आम्ही मानतो.

मात्र 'स्थानिकांना नोकरी द्या' एवढी घोषणा करून आमचे समाधान होणार नाही. स्थानिक म्हणजे कोण? १९४७ मध्ये प्रेम माथुर ही तरुणी परवाना हातात घेऊन एका विमान कंपनीच्या दारातून दुसरीच्या दारात फिरली. बाई म्हणून तिला नकार मिळत गेला. शेवटी तिला वैमानिक म्हणून घेतले ते हैदराबादच्या डेक्कन एअरवेजने. जालना तेव्हा त्याच हैदराबाद संस्थानात होता. पुढे आपल्या सौदामिनी देशमुख यांनी १९८५ मध्ये फक्त महिला वैमानिकांनी चालवलेल्या विमानाची कमांड सांभाळली. दार बंद ठेवायला परदेशी माणूसच लागतो असे नाही. आपणही आपल्यांना बाहेर ठेवतो. तेव्हा स्त्री म्हणून ठेवले, आता पैसा नाही म्हणून ठेवतो. टाइप रेटिंगसह हे शिक्षण पाऊण कोटीच्या पुढे जाते. तारणाशिवाय बँक एवढे कर्ज देत नाही, आणि आमच्याकडे तारण म्हणजे जमीन. परदेशी कॅप्टन उद्या सगळे परत गेले तरी रिकाम्या खुर्च्यांवर मोठ्या शहरांतल्या सधन घरांचीच मुले बसणार असतील, तर अंबडच्या मुलाला त्यातून काय मिळाले?

राज्य शासनाच्या महाज्योती संस्थेने इतर मागास आणि भटक्या-विमुक्त समाजांतल्या २० मुलांसाठी नागपूर फ्लाइंग क्लबमध्ये प्रशिक्षणाची योजना आणली, तिचे आम्ही मनापासून स्वागत केले. पण २० हा आकडा राज्याला शोभणारा नाही. आज ज्यांची जयंती शाळाशाळांत वाचन प्रेरणा दिन म्हणून साजरी होत आहे त्या अब्दुल कलाम यांनाही वैमानिकच व्हायचे होते. देहरादूनला २५ उमेदवारांत त्यांचा नववा क्रमांक आला आणि जागा आठ होत्या. प्रत्येक नवव्या मुलापुढे क्षेपणास्त्रांची वाट मोकळी नसते. अमरावतीला बेलोरा विमानतळावर एअर इंडियाची प्रशिक्षण अकादमी होत आहे, वर्षाला १८० वैमानिक घडवण्याची तिची क्षमता सांगितली गेली आहे. त्यांतल्या काही जागा मराठवाडा-विदर्भातल्या मुलांसाठी राखून त्यांच्या कर्जाला शासनाने हमी द्यावी. आणि केंद्राने परदेशी कॅप्टनच्या प्रत्येक परवानगीला अट घालावी, की तो असेपर्यंत कंपनीने किती को-पायलटना कमांडपर्यंत नेले ते दाखवावे, मगच मुदतवाढ मागावी. विन्सेंट यांना आणले तसे आणा.

त्या शेतकऱ्यांना आम्ही एवढेच सांगितले, की सातबारा सध्या घरीच ठेवा. आधी मुलाची वैद्यकीय तपासणी करून घ्या, डीजीसीएने, म्हणजे नागरी विमान वाहतूक महासंचालनालयाने, नेमलेल्या डॉक्टरकडून, डोळे नीट बघून. तिथेच अडले तर दोन एकर फुकट जातील. तपासणीत पास झाला तर नागपूरच्या योजनेचा अर्ज भरा. त्यांनी ते चिठ्ठीवर लिहून मागितले. चिठ्ठी गुणपत्रिकेच्या घडीत ठेवली आणि उठता उठता म्हणाले, "फिजिक्सची टूशन लावलीय साहेब. अंबडला जाऊन येऊन करतो, सायकलीवर."