कौलांवरची पावले

इटली देशात सिएना नगराच्या दक्षिणेस मुर्लो नावाचे एक चिमुकले गाव आहे. तटाने वेढलेली काही घरे आणि सिएनाच्या बिशपांचा एक जुना वाडा, एवढाच त्या जुन्या गावाचा पसारा. जवळच पोज्जो चिव्हिताते ही रानाने झाकलेली टेकडी आहे. तेथे १९६६ साली काइल फिलिप्स या अमेरिकन संशोधकांनी उत्खनन सुरू केले.

रोम बलाढ्य होण्यापूर्वी या प्रदेशात एट्रुस्कन लोक नांदत होते. त्यांची लिपी आज वाचता येते, पण भाषा पुरती उलगडत नाही. त्यांचे ग्रंथही लुप्त झाले. त्यांची हकीकत सांगितली ती ग्रीकांनी आणि रोमनांनी. म्हणजे बहुधा त्यांच्या शत्रूंनीच! स्वतः एट्रुस्कनांची साक्ष हवी असेल, तर ती मातीलाच विचारली पाहिजे.

टेकडीवर सुमारे ६० मीटर लांबीच्या बाजूंची एक भव्य इमारत सापडली. तिच्या छपरावर भाजक्या मातीच्या मोठमोठ्या मूर्ती बसविलेल्या होत्या. रुंद काठाची टोपी घातलेली त्यांतील एक मूर्ती आता जगप्रसिद्ध झाली आहे. मुर्लोच्या वाड्यातील संग्रहालयात प्रेक्षक तिच्याचपुढे थबकतात, आणि ते स्वाभाविकच आहे.

तथापि या टेकडीचे खरे धन निराळे आहे. त्या इमारतीच्या आधी तेथे खांबांवर उभारलेली, भिंती नसलेली एक लांबलचक कर्मशाळा होती. तेथे कौले थापली जात, कासे ओतले जाई, हाडे आणि हस्तिदंत कोरले जाई. इसवी सनापूर्वी सातव्या शतकाच्या अखेरीस तिला आग लागली. त्या वेळी थापलेली ओली कौले जमिनीवर वाळत होती. त्या कौलांवर माणसांची पावले उमटलेली आढळली. जिवाच्या भीतीने कारागीर त्यांवरून धावत सुटले असावेत, असे संशोधक मानतात. त्या कारागिरांची नावे कोणास ठाऊक? पण अडीच हजारांहून अधिक वर्षांपूर्वीची त्यांची ती धांदल आज डोळ्यांपुढे उभी राहते.

ही कथा कळली ती कौले कोठे आणि कशाखाली पडली होती, याची काळजीपूर्वक नोंद झाली म्हणून. इटलीत एट्रुस्कन थडगी चोरून खणणारे पुष्कळ झाले. त्यांनी उकरलेली सुंदर भांडी दूरदूरच्या श्रीमंतांच्या कपाटांत जाऊन बसली. कोणत्या थडग्यातून, कोणाच्या उशाजवळून ती उचलली, हे आता कोण सांगणार? 'त्यांनी खणले नसते, तर ही भांडी मातीतच राहिली असती,' असे कोणी म्हणतात. राहिली असती, तर काय बिघडले असते? तेथे ती निदान आपल्या जागी तरी होती. सोन्याच्या लोभाने कोणी त्या कर्मशाळेवर कुदळ चालविली असती, तर पावलांची ती कौले त्याने खापरे समजून दूर भिरकावून दिली असती.