दोन दगडांवर पाय

परवा उदगीरच्या किल्ल्याकडून फिरून येताना शेजारच्या गृहस्थांनी गाठले. "साहेब, लेकरू म्हणतंय, कॉम्प्युटरवर चित्रं काढीन आन् कॉलेजात गेम बनवायला शिकवीन. असली नोकरी असती का?"

त्यांची काळजी मला कळते. 'लातूर पॅटर्न'च्या आमच्या मुलखात वाटा दोनच, डॉक्टर नाहीतर इंजिनियर. तिसरी दिसली की बाप धास्तावतो.

मी बँकेत असताना असाच एक बाप कर्जाचे विचारायला आला होता. सोबतच्या मुलाने बसल्या बसल्या कोऱ्या स्लिपवर किल्ला काढला. हुबेहूब! मी म्हणालो, "हात छान आहे, पण दोन दगडांवर पाय नको." आणि मी स्वतः? दिवसा लेजर, रात्री कादंबरी! तो सल्ला आजही सलतो.

अशा वेळी र. कृ. जोशी आठवतात. त्यांनी जाहिरात क्षेत्रात काम केले, मराठीत कविता लिहिल्या, पवईच्या आयआयटीतल्या इंडस्ट्रियल डिझाइन सेंटरमध्ये अक्षरकला शिकवली. बोरू धरणारा तोच हात संगणकाकडे वळला. विंडोजवर वर्षानुवर्षे आपण मराठी वाचली ती 'मंगल' अक्षरे त्यांचीच. २००८ साली ते गेले, अक्षरे राहिली. शिक्षक, कलावंत की तंत्रज्ञ? कुठल्या रकान्यात बसवणार त्यांना?

खेळाचेही तसेच. खेळ घडवणे म्हणजे पोरखेळ नव्हे. आपला मोक्षपट आठवा. सद्गुणाची शिडी वर नेते, दुर्गुणाचा साप खाली आणतो. चित्र, गणित आणि गोष्ट यांची सांगड घातल्याशिवाय असा पट मांडता येत नाही. संगणकावरच्या खेळालाही हेच तिन्ही लागते, आणि ते शिकवणाऱ्यालाही. राष्ट्रीय डिझाइन संस्थेत म्हणजे एनआयडीत डिजिटल गेम डिझाइनचा पदव्युत्तर अभ्यासक्रम आहे. जिथे अभ्यासक्रम, तिथे शिक्षक आलाच.

मात्र जुना बँकवाला म्हणून हिशेबही सांगतो. जागा मोजक्या, प्रवेशपरीक्षा अवघड, खर्च मोठा. दिवसभर मोबाइलवर गेम खेळणारा प्रत्येक मुलगा गेम घडवणारा होत नाही. म्हणून आधी त्याची वही बघावी. तिच्यात त्याने स्वतः काही रचले आहे का, ते तपासावे. असेल, तर 'हे की ते' असा हट्ट आपण धरू नये.

शेजाऱ्यांना एवढेच म्हणालो, "उद्या मुलाला घेऊन या. मार्कलिस्ट राहू द्या, चित्रांची वही आणा."