मोबदला आला, आता ठेवायचा कुठे?

शहापूर तालुक्यातून समृद्धी महामार्ग गेला. इगतपुरी ते आमणे हा शेवटचा ७६ किलोमीटरचा टप्पा ५ जून २०२५ रोजी खुला झाला. जमिनीचा मोबदला त्याच्या कितीतरी आधी लोकांच्या खात्यात येऊन पडला होता. मुरबाडकडेही फार्महाऊससाठी जमिनी विकल्या जात आहेत. बँकेचे व्याज नको, एवढे आपल्या घरांत ठाऊक असते. मग पैसा ठेवायचा कुठे, असे विचारले की उत्तर येते, "तकदीरमध्ये असेल तर टिकेल."

या उत्तराची आम्हाला धास्ती वाटते. बंगळुरूच्या 'आयएमए'ने हलाल नफ्याच्या नावावर हजारो मुस्लिम घरांचे पैसे घेतले आणि जून २०१९ मध्ये मालक दुबईला पळाला. ती तकदीर नव्हती. उंट आधी बांधा, मग अल्लाहवर भरवसा ठेवा, ही शिकवण आपल्याच नबी (स.) यांची आहे.

आपल्या शेजारचे वसईचे कॅथलिकही याच वादातून गेले आहेत. कृपा देवाची, मग माणसाच्या हाती काय उरते? १५४७ मध्ये ट्रेंटच्या धर्मपरिषदेने ठरवले की कृपेची सुरुवात देवाकडूनच होते, पण माणसाची इच्छा मेलेली नाही. तो होकार देतो किंवा नाकारतो. आणि व्याज? १७४५ मध्ये पोप चौदावे बेनेडिक्ट यांनी कर्जावर मुद्दलापेक्षा जास्त घेणे निषिद्ध ठरवले, मात्र भागीदारीतला प्रामाणिक नफा चालेल म्हटले. आपल्या मुदारबाच्या किती जवळचे! पुढे चर्चने व्याजाबाबत हात सैल सोडला. २०२२ मध्ये व्हॅटिकनच्या अकादमीने गुंतवणूकदारांसाठी पुस्तिका काढली, तिचा भर शस्त्रे, अश्लीलता, व्यसने यांपासून पैसा दूर ठेवण्यावर आहे.

आपल्याकडे दोन्ही चाळण्या लागतात. धंदा हलाल हवा, आणि कंपनीचे व्याजी कर्जही मर्यादेत हवे. बहुतेक शरीयत निकषांत ही मर्यादा एक तृतीयांशाच्या आसपास असते. नफ्यात व्याजाचा अंश आलाच तर तेवढा सवाबची अपेक्षा न ठेवता गरिबाला द्यायचा. टाटा एथिकलसारखे फंड असे निकष पाळतात. पण शेअर खालीही येतो, म्हणून लग्नाचा, औषधपाण्याचा पैसा तिथे घालू नये.

मात्र फंड, दुकान, सोने यांच्याआधी एक प्रश्न राहतो. वडिलांच्या जमिनीचा मोबदला असेल तर त्यात बहिणींचा हिस्सा कुरआनने ठरवून दिला आहे. व्याजाच्या रुपयाला हात न लावणारे भाऊ हक्कसोडपत्रावर बहिणीची सही घेऊन मोकळे होतात, हे आम्ही पाहतो. तिला रक्कम किती आली, हे तरी सांगितले होते का?