बहात्तर एकर आणि तिथली माणसं

घरात वादावादी झाली की एक वाक्य हमखास कानावर पडते, ‘याला ठाण्याला पाठवा!’ पुण्याकडचा माणूस येरवड्याचे नाव घेतो, एवढाच काय तो फरक. लहानपणी मीही हे वाक्य सर्रास वापरले आहे. ठाण्याला पाठवलेल्या माणसाचे पुढे काय होते, हे विचारायचे मात्र कधी सुचले नाही.

ठाण्याचे मनोरुग्णालय १९०१ सालचे. नरोत्तमदास माधवदास यांच्या नावाने ते ओळखले जाई. त्या काळी अशी रुग्णालये मुद्दाम वस्तीपासून दूर बांधत. वेडे नजरेस पडायला नकोत आणि जमीनही मुबलक. पुढे शहरच चालत त्यांच्या दाराशी आले. आज सुमारे ७२ एकरांचे हे आवार भर वस्तीत आहे. ठाणे आणि मुलुंड या दोन स्थानकांच्या मध्ये असल्याने रेल्वेचेही लक्ष तिकडे गेले आणि नव्या स्थानकासाठी १४.८३ एकर जागा मागण्यात आली. न्यायालयाच्या जुन्या मनाईमुळे काम काही वर्षे अडले. २०२३ साली मुंबई उच्च न्यायालयाने वाट मोकळी केली.

रुग्णांच्या जागेवर डल्ला मारला, असे कुणी म्हणेल. मी म्हणणार नाही. सकाळी ठाण्याच्या फलाटावर एकदा तरी लोकलमध्ये शिरण्याचा प्रयत्न केलेला माणूस नव्या स्थानकाला विरोध करणार नाही. उरलेल्या जागेत बंगळुरूच्या निम्हान्सच्या धर्तीवर नवे रुग्णालय उभारण्याचाही बेत आहे. म्हणजे ठाण्याचे रुग्णालय बंद होत नाही, आकसून नवे होते आहे. पण इतर देशांत अशी रुग्णालये खरोखरच बंद झाली आणि त्यांच्या जमिनीचे काय करायचे, हे कुणाला तरी ठरवावे लागले.

उत्तर लंडनचे फ्रायर्न रुग्णालय १८५१ मध्ये सुरू झाले आणि १९९३ मध्ये बंद पडले. त्याच भव्य इमारतीत पुढे श्रीमंतांसाठी फ्लॅट निघाले. नावही बदलले. वेड्यांच्या इस्पितळात राहतो, असे कोण सांगेल?

इटलीतल्या त्रिएस्ते शहरात वेगळे घडले. फ्रँको बसाग्लिया नावाचे डॉक्टर १९७१ मध्ये तिथल्या सान जोव्हानी मनोरुग्णालयाचे प्रमुख झाले. तेव्हा आत सुमारे बाराशे माणसे होती. बसाग्लियांनी दारे उघडायला सुरुवात केली. झाडलोट आणि धुण्याची कामे रुग्ण फुकट करत. त्यांची सहकारी संस्था निघाली आणि त्यांना रीतसर मजुरी मिळू लागली. १९७८ मध्ये इटलीने कायदाच केला की नवे रुग्ण अशा ठिकाणी कोंडायचे नाहीत. पण ज्यांना बाहेर घरच नव्हते, त्यांना ‘निघा’ म्हटले नाही. त्याच आवारात त्यांची राहण्याची सोय झाली. कागदोपत्री ते आता रुग्ण नव्हते, ‘पाहुणे’ होते! आज तिथे विद्यापीठाचे विभाग, नाट्यगृह आणि हजारो जातींच्या गुलाबांची बाग आहे. शहरातली माणसे संध्याकाळी फिरायला जातात.

आपल्याकडे असे ‘पाहुणे’ कमी नाहीत. बरे झालेले, पण न्यायला कुणी येत नाही म्हणून वॉर्डातच वर्षानुवर्षे राहिलेले. घरचा पत्ता बदललेला असतो, भावांनी वाटण्या उरकलेल्या असतात. वाटणी हा शब्द मी मुद्दाम वापरला. बहिणीला किंवा वहिनीला वेडी ठरवले की हिस्सेदार एकाने कमी होतो, हे आपल्या घरांना काही नवीन नाही. २०१७ च्या मानसिक आरोग्य कायद्याने स्पष्ट सांगितले की घर नाही किंवा घरचे नेत नाहीत, एवढ्याच कारणाने कुणाला रुग्णालयात ठेवता येणार नाही. अशांसाठी समाजात राहता येईल अशी निवासाची सोय सरकारने करायची आहे.

मग ती ठाण्यातच का नसावी? ७२ एकरांतून स्थानकाला जागा निघू शकते, तर बऱ्या झालेल्यांच्या पाचपन्नास खोल्यांनाही निघेल. त्याही शक्यतो स्थानकाच्या जवळ. ‘लांब पडते हो, नाहीतर भेटायला आलो असतो,’ असे सांगायची मग नातेवाईकांना सोय उरणार नाही.