हॉप्स शेवटी टाका, पण आधी परवान्याचं बघा

बॅचमधल्या एका पोरानं विचारलं, "सर, घरी बिअर करून विकली तर? ड्राय हॉपिंग कधी करायचं?" आधी धंद्याचं उत्तर: विकूच नका. १९४९ च्या महाराष्ट्र दारूबंदी कायद्यानुसार परवान्याशिवाय बिअर बनवणं हाच गुन्हा, मग ती घरापुरती का असेना. पुण्यात डूलालीनं २००९ मध्ये मायक्रोब्रुअरी काढली, ती परवाना घेऊनच.

प्रश्न मात्र भारी आहे. हॉप्स उकळले की कडूपणा उतरतो, पण वास वाफेबरोबर जातो. आपण वरणावर कोथिंबीर गॅस बंद करून टाकतो ना, तसंच हे. फसफसणं थांबलं, ग्रॅव्हिटीचं रीडिंग दोन-तीन दिवस तेच आलं, की हॉप्स टाकायचे. लवकर टाकले तर निघणारा गॅस वास घेऊन जातो. लिटरला ३-४ ग्रॅम, तीन-चार दिवस, बस. जास्त ठेवले तर गवतासारखी चव येऊ शकते. झाकण सारखं उघडायचं नाही, हवेनं बिअर बिघडते.

आता कॉस्टिंग. हॉप्स बिअर शोषतात, म्हणजे २० लिटरचे पूर्ण २० हातात येत नाहीत. हॉप्सचं पाकीट फ्रीजरमध्येच लागतं. सेलूचा मे महिना, त्यात लाईट गेली, हे वहीत कुठल्या रकान्यात मांडणार?

माझं मत, हॉप्सचाच नाद असेल तर हॉप वॉटर करा. पाणी, थोडं लिंबू, हॉप्स, रात्रभर फ्रीजमध्ये. सकाळी गाळून सोडा मिसळा. यात दारू नाही. विकायचं ठरलं तर एफएसएसएआयची नोंदणी तेवढी काढून घ्या.