गोषवाऱ्यात निष्कर्ष हवाच

परिषदेला पाठवायचा गोषवारा म्हणजे शोधनिबंधाची छोटी प्रस्तावना, हा समज महाविद्यालयांत चांगलाच रुजला आहे. विषयाचे महत्त्व सांगायचे, एखादी व्याख्या द्यायची आणि ‘प्रस्तुत निबंधात याचा आढावा घेतला आहे’ असे म्हणून थांबायचे. हा समज चुकीचा आहे. संशोधनातून हाती काय लागले, ते सांगणे हेच गोषवाऱ्याचे काम.

या रीतीच्या बाजूने म्हटले जाते, की गोषवारा निबंधाच्या कितीतरी आधी मागवतात; निष्कर्ष तेव्हा तयार नसतात. अडचण खरी आहे. पण जे हाती आले नाही ते लिहू नये, एवढेच तीवरून ठरते. हाती आलेले गाळावे, असे ठरत नाही. निम्म्या गावांची पाहणी झाली असेल, तर तेवढ्याच गावांचे निष्कर्ष तसे स्पष्ट नोंदवून द्यावेत. काहीच हाती नसेल, तर पुढच्या परिषदेची वाट पाहावी.

दुसरे म्हणणे असे, की गोषवारा वाचतो कोण? विद्यापीठ अनुदान आयोगाच्या २०१०च्या नियमावलीने परिषदेतल्या निबंधवाचनालाही गुण दिले आणि प्रमाणपत्रापुरते लिहिण्याची वृत्ती बळावली. तरी निवड करणाऱ्यांपुढे बहुधा गोषवाराच असतो. उमरगा तालुक्यातल्या मुरुमच्या श्री माधवराव पाटील महाविद्यालयातून निबंध पाठवणाऱ्याला तर याची अधिकच गरज, कारण परक्या परीक्षकाला तो तालुका ठाऊक असेलच असे नाही.

या तालुक्यातल्या भूकंप-पुनर्वसनाचाच विषय घ्या. ‘भूकंप ही भीषण आपत्ती असून योग्य पुनर्वसन ही काळाची गरज आहे,’ हे वाक्य गुजरातेतल्या भुजच्या भूकंपालाही तितकेच चालते. त्यात उमरगा कुठेच नाही. त्याऐवजी असे लिहिता येईल: ‘३० सप्टेंबर १९९३च्या भूकंपानंतर उमरगा तालुक्यात नव्या जागी वसवलेल्या गावांत कुटुंबांनी घराला कोणते बांधकाम जोडले, हे घरोघर मोजमाप घेऊन तपासले. गोठा आणि धान्याची कोठी यांसाठीच बहुतेक वाढ झालेली आढळली.’ पाहणीत तसे दिसले असेल तरच, अर्थात. काळ, जागा, पद्धत, निष्कर्ष, सारे दोन वाक्यांत आले.

हा आग्रह नवा नाही. ‘ॲनल्स ऑफ इंटर्नल मेडिसिन’ या नियतकालिकाने १९८७मध्ये वैद्यकीय लेखांसाठी मथळेवार गोषवाऱ्याची शिफारस प्रसिद्ध केली. इतिहास-साहित्याला तो साचा जाचक वाटेल, आणि ते रास्तही आहे. मथळे खुशाल सोडावेत. पुरावा कोणता आणि त्यातून काय सिद्ध होते, हे मात्र तिथेही सांगावेच लागते. अडीचशे शब्दांची मर्यादा असेल, तर पार्श्वभूमीला दोन वाक्ये पुरतात.